जांभळ्या पेन्सिलीचे शेरे

सोमयाजुलूंनी पुस्तक उघडलं ते शेवटच्या पानापासून. खालच्या कोपऱ्यात जांभळ्या पेन्सिलीनं आकडा घातलेला होता: १८८. त्यांनी पुस्तक मिटलं, बगलेत धरलं आणि चेहरा शक्य तितका कोरा केला. पस्तीस वर्षं वजनमापे खात्यात निरीक्षक म्हणून काढलेल्या माणसाला एवढं जमायला हवं होतं. चेहरा जमला, पण कान लाल झाले.

"मिळालं?" खाजामियाँनी विचारलं.

"बघतोय."

"बघा, साब. मला कान दिसतायत तुमचे."

आबिड्सच्या बाजारात रविवारी दुकानं बंद होतात आणि त्यांच्या पायऱ्यांवर जुनी पुस्तकं उघडतात. खाजामियाँची जागा बुटांच्या दुकानासमोर. तीन वर्षांपूर्वी याच पायरीवर सोमयाजुलूंनी एक तेलुगू कादंबरी चाळली होती. तिच्यातली नायिका नवऱ्याशी भांडता भांडता चाळीस माणसांचा स्वयंपाक उरकते. त्या ओळीशेजारी समासात जांभळ्या अक्षरांत लिहिलेलं होतं, 'लेखकाने आयुष्यात भात शिजवलेला नाही.' वीस पानांनंतर पुन्हा, 'अजूनही नाही.' सोमयाजुलू फुटपाथवर उभ्यानं हसले होते. निवृत्तीनंतर प्रथमच.

शेरे हनुमायम्मा नावाच्या बरकतपुऱ्यातल्या बाईंचे होते. त्या वारल्यावर मुलानं सगळी पुस्तकं किलोवर खाजामियाँना दिली. बाई पुस्तक वाचून झालं की शेवटच्या पानावर त्याचा नंबर घालत. दोनशे बारा नंबरच्या पुस्तकात आकड्याखाली लिहिलेलं होतं, 'डोळ्यांनी राजीनामा दिला. इथे थांबते.' ते पुस्तक हाती आलं त्या दिवशी सोमयाजुलूंनी ठरवलं, दोनशे बाराही पुस्तकं पुन्हा एका कपाटात आणायची. आज अठ्ठ्याण्णवावं मिळालं होतं.

घरी ते पुस्तकाला कव्हर घालत होते आणि त्यांच्या पत्नी, कामेश्वरी, बघत होत्या.

"परक्या बाईचं अक्षर घरात आणता, वर त्याला प्लास्टिक घालता. माझी पत्रं कुठे आहेत हो?"

"सांभाळून ठेवली आहेत."

"कुठे, ते विचारलं मी."

सोमयाजुलूंनी दुसरा कोपरा दुमडायला घेतला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते पुस्तक घेऊन बसले. जुनी कौटुंबिक कादंबरी होती. शेरे नेहमीसारखे खडूस होते, पण जरा बेतानं. एकशे बाराव्या पानावर नायिकेचा बाप मरतो, घरातली पुस्तकं विकायला काढतात आणि रद्दीवाला वजनात मारतो. समासात जांभळ्या अक्षरांत होतं, 'रद्दीवाला दर वेळी चोरच का? लेखक कधी काट्याच्या या बाजूला बसलाय?'

सोमयाजुलूंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. हनुमायम्मांना काट्याची ही बाजू कुठून माहीत?

ते उठले आणि कपाटाशी गेले. तिसऱ्या फळीवर एक तीर्थयात्रेचं पुस्तक होतं. शेवटच्या पानावर जांभळा आकडा: १८८. खाली, 'यात्रा लेखकाने घरूनच केलेली दिसते.'

बाजारात खोटं वजन हाताला लागलं की ते वरपर्यंत बटणं लावून पंचनाम्याला बसायचे. निवृत्तीनंतर सात वर्षांनी आज त्यांनी खुंटीवरचा शर्ट काढून घातला, वरपर्यंत बटणं लावली.

"कुठे?" कामेश्वरींनी विचारलं.

"आबिड्सला."

"आज सोमवार आहे."

त्यांनी बटणं खालपासून सोडवली.

रविवारपर्यंत सहा दिवस होते. खात्याची पद्धत अशी की जप्तीआधी माल पूर्ण तपासायचा. म्हणून त्यांनी पुस्तक शेवटपर्यंत वाचलं. कादंबरी वाटली होती त्यापेक्षा बरी निघाली. तीनशे अठराव्या पानावर नायिका मरते. तिथं शेरा होता, 'हिला मारायची काय गरज होती?' प्रश्नचिन्हाच्या टिंबापाशी पेन्सिलीचं टोक मोडलेलं होतं. कागदाला बारीक भोक पडलं होतं.

रविवारी त्यांनी दोन्ही पुस्तकं खाजामियाँसमोर उघडून ठेवली, शेवटची पानं वर करून.

खाजामियाँनी एक आकडा पाहिला, मग दुसरा.

"मोठी माणसं, साब. मोजताना चुकतं कधी."

"बाई शाळेत गणित शिकवायच्या. पाच नंबरच्या पुस्तकात त्यांनी लेखकाचा व्याजाचा हिशेब तपासून दिलाय."

"मग चूक माझी." खाजामियाँनी बुटांच्या दुकानाच्या शटरला पाठ टेकली. फाटक्या पाठीच्या पुस्तकांवर नावं तेच घालत, छापल्यासारखी. बाईंचं अक्षर त्यांना जड गेलं नसणार. "तीन आहेत अशी. आधीची दोन तुम्हाला कळली नाहीत."

"बाईंची पुस्तकं कधी संपली?"

"पाच महिने झाले."

"माझ्याकडे पंच्याण्णव आहेत. उरलेली?"

"तुम्ही हसलात ना इथे उभे राहून, त्याच्या आधी महिनाभर माल पायरीवर होता. लोक घेऊन गेले. कुणी वरंगलला, कुणी कुठे. एका नर्सबाईनं एकदम वीस नेली. पायरीवरून उठलेलं पुस्तक मी विचारायचं कुणाला?"

बाजूला जुन्या ज्ञानकोशाचे पाच खंड रचलेले होते, त्यावर सोमयाजुलू बसले. एरवी खाजामियाँ त्यावर कुणाला बसू देत नसत.

"हे कशाला केलंत?" सोमयाजुलूंनी विचारलं.

"गिऱ्हाईक जातं ना, साब. नंबर संपले असं सांगितलं असतं तर रविवारी तुम्ही घरी बसला असता आणि तुमच्या घरच्यांनी मला शिव्या दिल्या असत्या." खाजामियाँनी एक तिरकं पुस्तक सरळ केलं. "सोपं वाटलं आधी. चार शेरे मारायचे, नंबर टाकायचा. पण काय लिहायचं? त्यासाठी वाचावं लागतं. माझी तेलुगू आठवीपर्यंतची, तीसुद्धा दोनदा. चाळीस वर्षं पुस्तकं विकली, कुणी असं अडकवलं नव्हतं मला."

"किती दिवस लागतात?"

"एकाला महिना, दीड महिना. तुम्हाला वाटतं पुढच्या रविवारी नवीन मिळेल. इथे माझा जीव जातो."

"पेन्सिल कुठून आणली? रंग तोच आहे."

खाजामियाँनी खिशातून बोटाच्या पेराएवढा तुकडा काढला.

"त्यांच्याच एका पुस्तकात दाबलेली होती."

"आणि तीनशे अठराव्या पानावर मोडली."

"शिसं जुनं झालंय." खाजामियाँ तेच सरळ पुस्तक पुन्हा सरळ करू लागले.

"मरायलाच हवी होती ती," सोमयाजुलू म्हणाले. "नाहीतर भाऊ कधी परत आला नसता. दोनशे नव्वदाव्या पानावर तो काय म्हणतो ते बघा."

"बघितलंय! परत येऊन काय केलं त्यानं? रडला. जिवंतपणी यायला काय झालं होतं?"

"कादंबरी आहे, खाजामियाँ."

"म्हणून काय कसंही वागायचं?"

पायरीपाशी थांबलेल्या एका बाईनं दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं आणि पर्स घट्ट धरली.

सोमयाजुलूंनी हात पुढे केला. खाजामियाँनी त्यावर पेन्सिल ठेवली. तीनशे अठरावं पान काढून सोमयाजुलूंनी शेऱ्याखाली तीन ओळी लिहिल्या, घाई न करता. मग शेवटचं पान काढलं. १८८ वर एक सरळ रेघ मारली, खात्यात मारायचे तशी, आणि शेजारी २१३ घातलं.

पुस्तक पिशवीत न टाकता त्यांनी ते खाजामियाँच्या गुडघ्यावर ठेवलं.

"रविवारपर्यंत उत्तर द्या. आणि पेन्सिलीला टोक काढून ठेवा."

ते उठले तेव्हा त्या बाईनं गुडघ्यावरच्या पुस्तकाकडे बोट केलं.

"हे कितीला?"

खाजामियाँनी एक बोट पानात घालून पुस्तक मिटलं.

"थांबा, बाई," ते म्हणाले, "अजून वाचून व्हायचंय."