बाराव्या प्रकरणातली बाई

“तू आईच्या तोंडात शब्द घातलेस,” धाकटी म्हणाली आणि हातातला कागदांचा गठ्ठा तिने थोरल्या बहिणीच्या पुढ्यात आपटला.

थोरली तिच्या नेहमीच्या खुर्चीत बसली होती. या खुर्चीसमोर भल्याभल्यांच्या माना खाली जात. गेलेल्या माणसांशी बोलणारी बाई म्हणून तिचा दबदबाच तसा होता. कुणाचा नवरा गेलेला, कुणाचं पोर. थोरली डोळे मिटायची आणि ते माणूस तिच्या गळ्यातून बोलायला लागायचं. आता या सगळ्यावर ती पुस्तक लिहीत होती. त्याचा पहिला कच्चा खर्डा तिने धाकटीला वाचायला दिला होता, तोही अट घालून. लहानपणाची पहिली दोन प्रकरणं बघ, चुकलंमाकलं सांग. पुढचं तुला काय कळणार, उगाच डोकं दुखेल.

धाकटी पडदे शिवायची. दुकानामागच्या खोलीत, जेवणाच्या सुट्टीत, कापडाच्या ठाणावर खर्डा ठेवून तिने दोन प्रकरणं वाचली. आणि ‘तुला काय कळणार’ हे डोक्यात गेलं होतं म्हणून उरलेलीही सगळी वाचली.

चौथ्या प्रकरणापासून आई पानोपानी बोलत होती. जिवंत होती तेव्हा तिच्या तोंडून एक शब्द निघेल तर शपथ. गेल्यावर मात्र थोरलीच्या प्रत्येक बैठकीला हजर, बाकीच्या आत्म्यांना दटावून रांगेत उभं करायला. मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात ते काही खोटं नाही. धाकटीला हसूही आलं. मग बारावं प्रकरण आलं आणि ते हसू ओठांवरच वाळलं.

त्या प्रकरणात थोरलीने मोठा प्रामाणिकपणाचा आव आणला होता. कधीकधी कुणीच येत नाही, असं लिहिलं होतं. समोरचं माणूस आस लावून बसलेलं आणि आत नुसता काळोख. अशा वेळी दयेपोटी आपणच बोलावं लागतं. उदाहरण दिलं होतं एका शिवणकाम करणाऱ्या बाईचं. ती कामावरून थेट आली होती. सुई टोचू नये म्हणून बोटात घालतात ते अंगुस्तान काढायचंही तिला भान नव्हतं. पाण्याचा पेला हातात दिला तर ते काचेवर किणकिणत राहिलं. तिची आई काही आली नाही. ‘मग तिला हवं होतं ते वाक्य मीच दिलं,’ थोरलीने लिहिलं होतं. ‘ती पोटभर रडली आणि हलकी होऊन गेली.’

ते वाक्य कोणतं, हे खर्ड्यात नव्हतं. धाकटीला ते वाचायची गरजही नव्हती. त्या एका वाक्यावर ती आजवर जगत आली होती.

आईला घरातच मरायचं होतं. थोरली तेव्हा बैठकांच्या दौऱ्यावर. आईला श्वास पुरेना, तसं धाकटीने गाडी बोलावली आणि तिला दवाखान्यात नेलं. आईने भिंतीकडे तोंड फिरवलं ते कायमचं. पाणी हवं झालं तरी नर्सकडे मागायची, उशाशी बसलेल्या लेकीकडे नाही. तशीच गेली. पुढे धाकटी या खोलीत येऊन बसली, आणि थोरलीच्या गळ्यातून आई म्हणाली, ‘तू केलंस ते बरोबर केलंस.’ त्या दिवसापासून धाकटीला झोप लागायला लागली होती.

“ती दुसरी बाई आहे,” थोरली आता म्हणाली. “जगात शिवणारी काय तू एकटीच?”

“अंगुस्तान घालून तुझ्यासमोर रडणारी एकटीच.”

तेवढ्यात भावोजी चहा घेऊन आत आले. बायकोच्या भेटींच्या वेळा तेच ठरवायचे, खर्डाही त्यांनीच टाइप केला होता, आणि तोंडाला कुलूप कसं घालतात ते त्यांना ठाऊक नव्हतं. घरचं माणूस पुस्तक वाचायला बसलं की त्याला पानापानावर स्वतःचंच नाक दिसतं, असा विनोद त्यांनी करून पाहिला. कुणी हसलं नाही, म्हणून वर सांगून टाकलं, की प्रकाशकांना तर बारावं प्रकरणच सगळ्यात आवडलंय. प्रकाशक म्हणाले, हाच पुस्तकाचा जीव, बाकीचं काय कुणीही लिहील. थोरलीने त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. भावोजी चहा ठेवून बाहेर सटकले, खुर्च्यांवर ताटकळलेल्या लोकांकडे.

मग थोरलीने सूर बदलला. आई आली होती गं, म्हणाली, पुस्तकासाठी जरा जुळवून घ्यावं लागतं. मग प्रकरण काढून टाक, धाकटी म्हणाली. ते कसं काढणार, थोरली म्हणाली, ते तर खरं आहे. आणि आपण काय बोलून गेलो हे कळल्यावर तिने घाईघाईने पाण्याचा पेला उचलला. माझ्या एका वाक्याने तुझं भलंच झालं ना, असं ती पेल्याआडून पुटपुटली. तुझे डोळे खोल गेले होते, मला बघवेना.

“माझं एक वाक्य म्हणालीस.”

थोरलीने पेला खाली ठेवला. डोळे मिटले. मान मागे टाकली, आणि गळ्यातून तो जुना, घोगरा, दम लागलेला आवाज आला, “धाकटे, बहिणीशी भांडू नकोस गं...”

धाकटीला क्षणभर वाटलं, गप्प बसावं. ऐकत राहावं. फुकटची आई मिळतेय, घ्यावी. मग तिने खर्ड्यावर थाड्कन हात मारला.

“आईला बाजूला बसव. तिच्याशी मी मेल्यावर बोलेन. आत्ता तू बोल, डोळे उघडून.”

थोरलीच्या पापण्या थरथरल्या, पण उघडल्या नाहीत. दाराबाहेर भावोजी कुणाला तरी हळूच सांगत होते, की बाईंची बैठक चालू आहे, वेळ लागेल.

धाकटीने समोरची खुर्ची ओढली. जिच्यावर बसून ती तेव्हा रडली होती तीच. त्यावर ती ठाण मांडून बसली.

“त्या दिवशी आई आली होती का? हो म्हण, नाहीतर नाही म्हण. मी काही उठत नाही.”