उशीत राहिलेला तोर्तियांचा रुमाल

मी एक जुना रुमाल आहे. नाक पुसून खिशात कोंबायचा रुमाल नव्हे हं, मित्रांनो! मी तोर्तियांचा रुमाल. तोर्तिया म्हणजे मक्याच्या पातळ भाकऱ्या; त्या गरम गरम तव्यावरून उतरल्या की ज्याच्या कुशीत येऊन बसतात, तो मी. कापड म्हणाल तर साधंच सुती आहे, पण चारही कडांना भरतकाम आहे आणि त्याचा मला थोडा तोराही आहे.

आमच्या आत्लिस्को गावच्या बाजारातून रोसाउराने मला आणलं, तेव्हा तिच्या पोटात लुसेरो होती. दुपारी दारात खुर्ची टाकून ती माझ्यावर टाके घालत बसायची. लांब ज्वालामुखी आपला धूर सोडत असायचा आणि तिची सुई कापडात बुडायची, वर यायची, पुन्हा बुडायची. मला तेव्हा झोपेत कुणी गोंजारावं तसं वाटायचं. तिने माझ्या कडेने पाखरं काढली. शेवटच्या पाखराला चोच काढायची राहून गेली, कारण लुसेरोला जगात यायची फार घाई झाली होती.

"राहू दे ते मुकंच," रोसाउरा म्हणाली. "या घरात बोलणारी आता आली आहे."

मग माझे कामाचे दिवस सुरू झाले. रोज संध्याकाळी मला तोर्तियांच्या दुकानात न्यायचे. यंत्राच्या पट्ट्यावरून तोर्तिया डुलत डुलत खाली यायच्या, बाई त्यांची चळत उचलून माझ्यात ठेवायची आणि माझी चार टोकं मिटायची. आत वाफ कोंडली की मला गुंगी चढे. बाहेरची वर्दळ, घंटा, कुत्र्यांचं भुंकणं सगळं पाण्याखालून आल्यासारखं ऐकू येई. ऊब पोटात घेऊन मी तरंगत घरी जायचो. लुसेरो चालायला लागल्यावर मी तिच्या हातात आलो. ती वाटेत एक तोर्तिया पळवायची, हे मी कधी कुणाला सांगितलं नाही.

रोसाउरा कपड्यांच्या कारखान्यात शिवणकाम करायची. कामाच्या दिवशी चुलीपुढे उभं राहण्याइतकं त्राण तिच्यात कुठून असणार? मग ती कोपऱ्यावरून भाजलेली कोंबडी आणायची. गरम कोंबडीचं मांस बोटांनी सोडवताना "हाय, हाय" करत हात झटकायची. कांदा, टोमॅटो, हिरवी मिरची तव्यात पडली, चरचरली, की वर ते मांस आणि पिशवीत उतरलेला चिकट रस. तोवर शेजारच्या तव्यावर दुकानातल्या तोर्तिया पुन्हा गरम होत फुगायच्या आणि माझ्यात यायच्या. माझ्यातून एकेक काढायची, कोंबडी भरायची, कोथिंबीर घालायची, लिंबू पिळायचं, झाले टाको. करपलेल्या कातडीसाठी बापलेकीत मारामारी ठरलेली.

"आज स्वयंपाक कुणी केला?" तिचा नवरा रोहेलियो मुद्दाम विचारायचा.

"मी! कोंबडीवाल्याने नुसता हातभार लावला."

त्या दिवसांत मला आपण सुखी आहोत हे ठाऊकही नव्हतं. पोट भरलेलं असलं की कोण विचार करतो?

मग रोसाउरा आजारी पडली. ती खाटेवरून उठेना आणि मग एका पावसाळ्यात ती गेली. लोक आले, मेणबत्त्या लावल्या, कॉफी पिऊन परतले. स्वयंपाकघरात झाकणाचा एक प्लास्टिकचा डबा आला आणि तोर्तिया त्यात जाऊन बसल्या. एवढीशी लुसेरो मात्र मला उचलून घेऊन गेली आणि तिने मला आपल्या उशीच्या अभ्र्यात सरकवलं.

मित्रांनो, त्या उशीत मी काही वर्षं काढली. दिवस आणि रात्र यांतला फरक तिथे पुसट होता. लुसेरोची स्वप्नं कापसातून झिरपून माझ्यापर्यंत यायची. कधी त्यात यंत्राच्या पट्ट्यावरून पांढरे चंद्र डुलत खाली यायचे. ती मला रोज बाहेर काढायची, नाकाशी धरून खोल श्वास घ्यायची आणि परत ठेवायची. माझी घडी कोणी मोडत नव्हतं, मला डाग पडत नव्हते. एवढं प्रेम मला कधी मिळालं नव्हतं आणि मी इतका रिकामाही कधी नव्हतो.

मग घरात मारिसेला आली. ती उत्तरेकडची, डेलिसियासची. बसच्या तिकीटखिडकीवर काम करायची, तिथेच रोहेलियोशी ओळख झाली. नाताळानंतर लग्न करायचं ठरत होतं. बाई मोठ्या आवाजाची, पण मनाने साफ. तीही दमून यायची, तीही कोपऱ्यावरून कोंबडी आणायची. टाको तयार झाले की ती हाक मारायची आणि लुसेरो खोलीतून परक्या बाईला म्हणावं तसं उत्तर द्यायची, "मला भूक नाही, सेन्योरा." मग सगळे उठून गेल्यावर स्वयंपाकघरात उभ्यानेच गार कोंबडी खायची. सावत्रपणाचं भूत आईपेक्षा लेकीच्याच मानेवर बसलं होतं म्हणा ना.

एका सुट्टीच्या सकाळी मारिसेलाने धुवायला अभ्रे काढले आणि मी जमिनीवर पडलो. तिने मला उलगडलं. पाखरांवरून बोट फिरवलं. मी कोण, हे तिला लगेच कळलं. तोर्तियांचा रुमाल कोणत्या घरात नसतो? मी पिवळा पडलो होतो. तिने मला कपडे धुण्याच्या यंत्रात टाकलं आणि माझ्यावर खास माया म्हणून कपडे मऊ करायचं ते निळं, सुगंधी पाणी दोन झाकणं जास्त ओतलं.

गच्चीवरच्या दोरीवर मी वाऱ्याने हलत होतो. अंगाला जांभळ्या फुलांचा असा घमघमाट की माझं मलाच परकं वाटत होतं. रोहेलियो वर आला तेव्हा मारिसेला चिमटे लावत होती.

"मी जबरदस्तीने आई व्हायला आलेली नाही," ती म्हणाली. "ती माझ्याबरोबर एकदासुद्धा ताटावर बसत नाही. मी असताना लेकरू उपाशी राहणार असेल, तर मी माझ्या बहिणीकडे परत जाते."

"अगं, थोडा धीर धर. लहान आहे ती."

"लहान आहे म्हणूनच! मोठी असती तर भांडले असते. आज तिच्या आईच्या रुमालात तोर्तिया ठेवते. बघू या."

ऊन कलायच्या आत जेवण मांडलं. किती दिवसांनी माझ्या पोटात ऊब आली! मी डोळे मिटून त्या वाफेत बुडणार, एवढ्यात लुसेरो दारात आली. मला टेबलावर पाहून तिचा चेहरा पांढरा पडला. धावत येऊन तिने मला तोर्तियांसकट उचललं आणि नाकाशी धरलं.

"धुतलात?" ती किंचाळली. "धुतलात तुम्ही याला?"

रोहेलियोने वातावरण सावरायला घाईघाईने एक टाको तोंडात कोंबला. चावता चावता तो थांबला. गिळताही येईना, थुंकताही येईना. मारिसेलाने त्याच्या तोंडाकडे पाहिलं, स्वतः एक घास घेतला आणि कागदात काढून टाकला. चांगली भाजलेली कोंबडी, पण चव धुतलेल्या चादरीची! करायला गेली एक आणि झालं भलतंच.

"चुकलं माझं," मारिसेला हळू आवाजात म्हणाली. तिचा हळू आवाज मी प्रथमच ऐकला. "आमच्याकडे पाहुणे यायचे असले की जास्त घालतात. मला वाटलं, छान वाटेल तुला. उद्याची बस धरते मी."

लुसेरोने तोर्तिया टेबलावर ओतल्या आणि मला घेऊन ती गच्चीवर धुण्याच्या दगडाशी गेली. साध्या साबणाची वडी घेऊन तिने मला घासायला घेतलं. रडत होती आणि घासत होती. पाठोपाठ मारिसेला आली. टाकीतून तांब्याने पाणी घालत राहिली.

"पिळू नका," लुसेरो गुरगुरली. "टाके उसवतात."

"बरं."

बऱ्याच वेळाने लुसेरोने मला पुन्हा हुंगलं. मग ओला रुमाल मांडीवर घेऊन ती मटकन खालीच बसली.

"तुम्ही नाही घालवलात," ती म्हणाली.

"काय?"

"आईचा वास. तो केव्हाच गेला होता. मी रोज शोधायचे. नुसता उशीचा वास यायचा. पप्पांना नाही सांगितलं. सांगितलं असतं तर ती आणखी थोडी गेली असती."

खरं होतं ते. मला कधीपासून ठाऊक होतं, पण रुमालाला कुठे बोलता येतं?

मारिसेलाने तिला जवळ ओढलं नाही, हे फार बरं केलं. ती शेजारी ओल्या फरशीवर बसली, स्कर्ट भिजवून घेत.

"कसा होता गं वास?"

लुसेरोने खूप विचार केला. "गरम तोर्तियांचा. आणि थोडा करपल्याचा. बोलायच्या नादात आई एक तोर्तिया नेहमी करपवायची."

"एवढंच ना? करपवण्यात माझा हात कुणी धरणार नाही."

लुसेरोला हसायचं नव्हतं. तरी नाकातून फस्सकन हसू आलंच. मग तिने मला झटकलं, दोरीवर नीट ताणून घातलं आणि पाठमोरीच राहून म्हणाली, "हा उद्या वाळेल. उद्या कोंबडी आणाल?"

दुसऱ्या दिवशी बस गेली. कुणी तिची आठवणही काढली नाही.

संध्याकाळी मी उन्हाने कडक होऊन खाली आलो. कोंबडीच्या पिशवीची गाठ सुटली. या वेळी लुसेरोच मांस सोडवत होती आणि "हाय, हाय" करत होती. मारिसेला तव्यापाशी होती. करपल्याचा वास आला, तेव्हा तिने मुद्दाम केलं की खरंच लक्ष नव्हतं, हे मी तुम्हाला सांगू शकत नाही. चळत माझ्यात आली, मी मिटलो. वाफ टाक्याटाक्यांतून वर चढली. मक्याचा, राखेचा, घराचा वास. लुसेरोने वाकून नाक माझ्याशी आणलं आणि बराच वेळ तशीच राहिली. रोहेलियो लिंबं कापत राहिला, ती कापून संपली होती तरी.

मग ते ताटावर बसले. तिघंही. मारिसेलाने माझ्यातून एक तोर्तिया काढली आणि गप्पांच्या भरात मला तसंच उघडं टाकलं.

"अगं झाक की! गार होतात ना!" लुसेरो भरल्या तोंडाने ओरडली. "किती वेळा सांगायचं?"

खरं तर एकदाही सांगितलं नव्हतं. मित्रांनो, आमच्याकडे पाहुण्याने रुमाल उघडा ठेवला तर यजमान गुपचूप झाकतात, वर हसून अजून एक घ्या म्हणतात. असं खेकसायचं ते फक्त घरच्या माणसावर. हे रोहेलियोला ठाऊक होतं. मारिसेलालाही ठाऊक असावं, कारण तिने माझी टोकं एकेक करून मिटली आणि हात माझ्यावरच ठेवला.

"झाकलं गं बाई, झाकलं," ती म्हणाली.

आता मी रोज डागाळतो. टोमॅटोने, तेलाने, लिंबाने. माझे टाके विरत चालले आहेत आणि एक दिवस मी तवा पुसायच्या कामी जाईन. जाऊ दे. तुमच्या घरीही माझ्यासारखं कुणीतरी उशीत, पेटीत, कपाटात जपून ठेवलेलं असेल. त्याला बाहेर काढा. साध्या साबणाने धुवा, उन्हात वाळवा, कामाला लावा. आणि गरम काही घेतलंत, तर मागे झाकायला विसरू नका. आत अजून कुणाच्या तरी वाटणीचं असतं.