दुप्पट निरोप

सोमवारी सकाळी चहाच्या खोलीत सफरचंदाचा टार्ट दिसला आणि योरीन दारातच थबकली. ग्रोनिंगनच्या त्या प्रयोगशाळेत रीतच होती: वाढदिवस असला की ज्याचा त्याने केक आणायचा, आणि चूक झाली तरी ज्याची त्यानेच. आज वाढदिवस कुणाचाच नव्हता.

चार वर्षं ती आतड्याच्या कर्करोगातल्या मूळपेशींच्या मागे हात धुऊन लागली होती. औषधाने गाठीतली बाकी गर्दी मरते. या मूठभर मात्र मेल्याचं सोंग घेतात आणि औषध थांबलं की ‘वाढा’ असा निरोप ऐकून पुन्हा संसार थाटतात. योरीनचं औषध तो निरोप पेशीच्या आत पोचूच देत नसे, आणि त्यावाचून या मूळपेशी मरतात असा तिचा दावा होता. दोनदा तो तोंडावर आपटला होता. या खेपेस औषध थांबवून दोन आठवडे झाले होते. आज औषध दिलेल्या पेशींच्या बारा काचेच्या बश्यांत काही उगवलेलं दिसलं तर काम बंद, असं विभागप्रमुख अलेइडाने बजावलं होतं.

“कुणाचा हा?”

“माझा,” वुब्बो म्हणाला. तीस वर्षं तो तिथे पेशींना खाऊ घालत होता. “ज्यात वाढीचा निरोप असतो ना, ते द्रव तुझ्या बश्यांत गेला आठवडाभर दुप्पट घातलं मी. काल चष्मा लावून बाटली वाचली तेव्हा कळलं.”

“सगळ्या बश्यांत?”

“सगळ्या. मी भेदभाव करत नाही.”

योरीनला त्याचा गळा धरावासा वाटला. ती तशीच सूक्ष्मदर्शकाकडे गेली. औषध न दिलेल्या बश्या उतू चालल्या होत्या. औषधाच्या बाराही बश्यांत नुसता मेलेला चुरा होता. तिने दोनदा पाहिलं.

“वुब्बो, इकडे ये. चष्मा लावून ये.”

त्याने डोळा लावला. “इथे तर काहीच नाही गं.”

“काहीच नाही. आठवडाभर तू त्यांच्या कानाशी ढोल बडवलास, तरी एक उठली नाही. झोपलेल्या नव्हत्याच त्या. मेल्या होत्या.”

अलेइडा आली आणि तिने बाराही बश्या एकेक करून पाहिल्या.

“हीच चूक आता जाणूनबुजून करा,” शेवटी ती म्हणाली. “वेगवेगळ्या तीन रुग्णांच्या पेशींवर. वर्ष तरी जाईल. तुझ्या कामाची मुदत वाढवून घेते.”

योरीनने मान डोलावली. मग चहाच्या खोलीत जाऊन तिने वुब्बोच्या टार्टचा मोठा तुकडा कापला.