चेंडू अजून वरच

जपानी कार्टून! नोकरी संपवून घरी बसलेला माणूस, डोक्यावर सगळे केस पांढरे, आणि रोज संध्याकाळी साडेपाचला टीव्हीसमोर बसून जपानी शाळकरी पोरांचा बास्केटबॉल पाहतो. शेजारच्या घरात असं काही घडलं असतं तर रत्नप्रभाबाई तोंडाला पदर लावून पोटभर हसल्या असत्या. पण घर त्यांचंच होतं, माणूस त्यांचाच नवरा होता, आणि हसायची ताकद काही त्यांच्यात उरली नव्हती. उलट त्या अर्ध्या तासाच्या भरवशावर त्यांचा अख्खा दिवस कसाबसा निघत होता.

कमलाकरराव पुसदच्या कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर होते. गाडीतल्या कापसात कोपरापर्यंत हात घालायचा, मूठभर बाहेर काढायचा, दोन्ही हातांच्या चिमटीत धागा ताणून पाहायचा आणि प्रत सांगायची. तोवर शेतकरी श्वास धरून त्यांच्या तोंडाकडे पाहत उभा. उभी हयात त्यांनी हेच केलं. मग तो हिवाळा आला. भाव पडलेले, केंद्राच्या यार्डात अवकाळीत भिजलेल्या गाड्यांच्या रांगा. ढाणकीकडचे नागोराव दरसाल ह्यांच्याकडेच माल आणणारे. त्यांचा कापूस ओला निघाला. "ओला आहे, नागोराव. वाळवून आणा," कमलाकरराव म्हणाले. ओल्याला ओला म्हणाले, त्यात ह्यांची काय चूक? नागोरावांनी गाडी वळवली. त्याच आठवड्यात त्यांचं नाव पेपरात आलं, त्या वर्षांत जिल्ह्यातल्या जीव दिलेल्या शेतकऱ्यांची नावं ज्या कोपऱ्यात यायची, त्याच कोपऱ्यात. लोक चहा पिता पिता ती नावं वाचायचे अन् पान उलटायचे. कमलाकररावांनी पेपरची घडी घालून ठेवली, आणि त्या दिवसापासून ते केंद्रावर गेलेच नाहीत. आधी रजा टाकली, मग नोकरीच सोडली.

बोलणंही सोडलं. यवतमाळच्या डॉक्टरांच्या गोळ्या चालू होत्या. ताट पुढ्यात ठेवलं तर दोन घास जायचे, बाकी दिवसभर बाहेरच्या खोलीतल्या दिवाणावर भिंतीकडे तोंड करून पडून. मुलगी मिताली पुण्याहून फोन करायची, "बाबांना दे गं," म्हणायची, आणि बाबा रिसीव्हर कानाला लावून गप्प. एक दिवस समोरच्या बेबीताईंनी रत्नप्रभाबाईंना अंगणात ओढलं. बेबीताई शेतीवाडीच्या घरातल्या, खूप पाहिलेल्या. आवाज खाली आणून म्हणाल्या, "वहिनी, मानूस असा गप झाला ना, तं त्याच्यावरची नजर हलवू नोका. आमच्या गावात पाह्यलं म्या. घरात जे नको, थे माह्या घरी आनून ठेवा."

झालं! त्या दिवसापासून रत्नप्रभाबाईंची झोप उडाली ती उडालीच. नको त्या वस्तू त्यांनी पदराआडून समोरच्या घरी पोचवल्या. न्हाणीघराची आतली कडी स्क्रू काढून फेकून दिली. नवरा कुशीवर वळला की ह्या उठून बसायच्या. भाजीला जायचं तर बेबीताईंना ओट्यावर बसवून जायचं. असं किती दिवस करणार बाई? गुडघे बोलायला लागलेले, डोळ्यांची आग आग व्हायची, भात लावला की नाही तेही आठवायचं नाही. आणि सांगणार कोणाला? मितालीला सांगितलं असतं तर ती तिकडे धास्तावली असती, एवढंच.

उन्हाळ्याच्या सुट्टीत बेबीताईंची नात सुरभी गावाहून आली. आजीकडे केबल नव्हतं, म्हणून पोरगी खुशाल ह्यांच्याकडे येऊन टीव्ही लावून बसायची. घरात माणूस आजारी, आणि हिची ती किंचाळणारी पोरं! चेंडूची धपाधप, हिंदीत "पास दे, पास दे!" रत्नप्रभाबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. टीव्ही बंद करायला म्हणून त्या तरातरा आल्या, आणि दारातच थांबल्या. कमलाकरराव भिंतीकडून वळले होते. ते टीव्हीकडे पाहत होते. हात चादरीवर होते आणि बोटं, अगबाई, बोटं हलत होती. कापसाचा धागा ताणताना हलायची तशीच.

"आजोबा, थो उंच पोरगा पाहा," सुरभी सांगत होती. "त्याचे हात कापतेत. म्हनून त्याले कोनी चेंडूच देत नाही."

एका बेटावरची शाळा, होडीने ये-जा करणारी पाचच पोरं, बदली खेळायला सहावा कोणी नाही. एक पडला की टीमच बसली. एवढं सुरभीच्या बडबडीतून रत्नप्रभाबाईंच्या कानावर पडलं, आणि तेवढंच. सुट्टी संपली, सुरभी गावाला गेली. टीव्हीवरचं चॅनल मात्र कोणी बदललं नाही.

त्यात ते मेलं भारनियमन! ऐन साडेपाचला लाईट गेली की कमलाकरराव मुकाट्याने भिंतीकडे वळायचे. रत्नप्रभाबाईंनी घरात इन्व्हर्टर बसवला. टीव्ही लागला, तर केबलच बंद! मग त्या तडक केबलवाल्या देवीलालच्या दुकानात जाऊन उभ्या राहिल्या.

"देवीलालभाऊ, लाईट गेली तरी साडेपाच ते सहा तुमचा जनरेटर चालू ठेवत जा. हात जोडते."

"कोनती सिरियल हाये, काकू?"

"कार्टून."

देवीलालने खाली मान घालून हसू गिळलं. पण माणूस दिलदार, जनरेटर चालू ठेवू लागला.

पुढे कार्टूनमधली फायनल मॅच सुरू झाली, ती काही केल्या संपेना. एक उडी मारायची तर तो पोरगा हवेतच बालपणापासूनचं सगळं आठवायचा. दुसरी कोणी असती तर कंटाळली असती, रत्नप्रभाबाईंना ते पथ्यावरच पडलं. स्टूल घेऊन, टीव्हीकडे पाठ करून त्या दिवाणासमोर भाजी निवडत बसायच्या. देवासमोर दिवा लावताना त्या एकच मागायच्या, ही मॅच संपू देऊ नको. मॅच संपली तर हा माणूस दुसऱ्या दिवशी कशासाठी उठून बसेल, ह्या विचाराने त्यांचा जीव टांगणीला लागला होता.

आणि एका संध्याकाळी कमलाकरराव दिवाणावर ताठ बसले. टीव्हीतला कॉमेंटेटर घसा फोडून ओरडत होता, म्हणून रत्नप्रभाबाईंनाही कळलं. एका पॉइंटचा फरक, शेवटचा फ्री थ्रो, आणि चेंडू त्या कापऱ्या हातांच्या पोराकडे. चेंडू सुटला. कमलाकररावांची नजर वर गेली, हनुवटी वर गेली, आणि टीव्हीत गाणं सुरू झालं. भाग संपला होता.

दुसऱ्या दिवशी पावणेपाचपासूनच ते उठून बसले. साडेपाचला समुद्राचा आवाज आला, होडी आली, पोरं उतरली. पहिला भाग.

"हे काय?" कमलाकरराव म्हणाले.

रत्नप्रभाबाईंच्या हातातली गवारीची शेंग खाली पडली. कित्येक महिन्यांत त्या माणसाच्या तोंडून शब्द निघाला नव्हता. "चुकून लागलं असेल," त्या घाईघाईने म्हणाल्या. "उद्या लावतील बरोबर."

उद्या दुसरा भाग लागला. कमलाकरराव उठले, खुंटीवरचा शर्ट घातला आणि चालायला लागले.

"कुठं निघाले? अहो, कुठं निघाले?"

रत्नप्रभाबाई दार तसंच उघडं टाकून मागे धावल्या. ज्या दिवसाची इतके महिने धास्ती होती तो हाच, असं त्यांना वाटलं. चौकात कमलाकरराव थांबले. एक रस्ता यार्डाकडे, एक गावाबाहेर, एक बाजारात. रत्नप्रभाबाईंनी मनातल्या मनात सगळ्या देवांना हाका मारल्या. कमलाकरराव बाजाराकडे वळले आणि थेट देवीलालच्या दुकानात शिरले.

"काय लावलं तुम्ही हे?" आवाज फाटला होता, पण आवाज होता. "मॅच अर्धी सोडून पहिल्यापासून काहून दाखवून राह्यले?"

देवीलाल गडबडून उठला. "काका, आपन नाही दाखवत, वरूनच येते तसं. त्याइच्यापाशी तेवढेच भाग हायेत. सरले का पुन्हा पयल्यापासून लावतेत."

"अन् चेंडू? चेंडू वर आहे ना! आत पडला का नाही, ते सांगायचं कोणी?"

"आता थे मले काय मालूम, काका?"

"मालूम नाही! गाडी काट्यावर चढवायची अन् वजन न सांगता माणसाला ताटकळत ठेवायचं? ही काय रीत झाली? जन्मभर केंद्रावर होतो मी. माल घ्यायचा असो का परत पाठवायचा असो, तोंडावर सांगत होतो. कोणाला लटकवून ठेवलं नाही. नागोरावांनाही तोंडावर..."

कमलाकरराव दुकानातल्या बाकावर मटकन बसले. "वाळवून आणा म्हटलं मी त्यांना," ते म्हणाले, "अन् मागच्या गाडीत हात घातला. थांबा नागोराव, चहा घेऊन जा, एवढंही म्हटलं नाही." आणि भर बाजारात, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या देखत, ते लहान लेकरासारखे हमसून हमसून रडायला लागले.

देवीलालने काही न विचारता शटर अर्धं खाली ओढलं आणि पाण्याचा गिलास आणला. रत्नप्रभाबाई बाकावर टेकल्या. उगी उगी म्हणाल्या नाहीत की डोळे पुसले नाहीत. रडू दे, त्यांना वाटलं, रडू दे एकदाचं. त्यांचेही डोळे वाहत होते, पण त्यांच्याकडे बघायला कोणाला वेळ होता?

परतताना दोघं हळूहळू चालले. घराजवळ आल्यावर कमलाकररावांनी खाली पाहिलं. "एक चप्पल माझी घालून आली तू."

"आले असेन."

घरी चहा झाला. कमलाकररावांनी तो सगळा प्यायला. मग कप खाली ठेवत म्हणाले, "तुला काय वाटते? आत पडला असेल का चेंडू?"

"मला काय माहीत? मी कुठं पाहिलं?"

"म्हणजे? रोज तर इथंच बसत होती."

"बसत होते," रत्नप्रभाबाई म्हणाल्या. त्या इतक्या थकल्या होत्या की लपवायचंही सुचलं नाही. "स्टुलाचं तोंड तुमच्याकडे असायचं."

कमलाकररावांनी स्टुलाकडे पाहिलं. मग न्हाणीघराच्या दाराकडे, जिथे कडीच्या जागी नुसती भोकं होती. रत्नप्रभाबाई उठून कप विसळायला गेल्या.

दुसऱ्या दिवशी साडेपाचला त्यांनी स्टूल ओढलं तर कमलाकरराव म्हणाले, "इथं दिवाणावर बस. सुरुवातच आहे, समजेल तुला." त्या बसल्या. समुद्राचा आवाज आला, होडी आली. उंच पोरगा कोणता ते कमलाकररावांनी बोटाने दाखवलं. त्याचे हात कसे कापतात ते पाहायचं असं रत्नप्रभाबाईंनी ठरवलं, आणि डोकं मागे भिंतीला टेकवलं.

जाग आली तेव्हा खोलीत अंधारून आलं होतं. अंगावर चादर होती, टीव्हीचा आवाज अगदी बारीक केलेला होता. कमलाकरराव दिवाणासमोर स्टुलावर बसले होते, टीव्हीकडे पाठ करून.

"अगबाई, डोळाच लागला!" रत्नप्रभाबाई धडपडून उठायला लागल्या. "काय झालं हो मॅचमध्ये?"

"मी नाही पाहिलं," कमलाकरराव म्हणाले. "झोप तू. मी आहे बसून."