तिसऱ्या फेरीनंतरची रेघ

आमचा नियम असा: लस राहिलेल्या मुलाच्या दारात तीनदा जायचं. तिन्ही वेळा कुलूप दिसलं, तर नावावर रेघ मारून पुढं लिहायचं, 'घर सोडून गेले'. गेलेलं मूल मग एकूण आकड्यात धरत नाहीत. म्हणजे लस टोचलेली मुलं तेवढीच राहतात, पण टक्का वाढतो. बावीस वर्षं नर्सची नोकरी केल्यावर एवढं गणित कोणालाही जमतं.

माझ्या वॉर्डाचा टक्का होता शहाऐंशी. साहेबांना पंच्याण्णव हवे होते, कारण तेवढ्या मुलांना लस मिळाली की गोवर पसरायला जागा उरत नाही, आणि लस न घेता येणारी तान्ही बाळंही वाचतात. खरंय ते. पण साहेब उंटावरून शेळ्या हाकणार, जिने चढायचे कोणी? गुडघे माझे. सकाळचा दवाखाना आवरून अकराला निघायचं, चार मजले चढायचे, कुलूप. पुढच्या इमारतीत पुन्हा चार मजले, पुन्हा कुलूप. शेवटी मी हात टेकले आणि एका बैठकीत सतरा रेघा मारल्या. तिन्ही फेऱ्या खरोखर केल्या होत्या हं, खोटं एक अक्षर नाही. टक्का झाला पंच्याण्णव. साहेबांनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

माझी नात, चिऊ, पाच महिन्यांची. लेक कामावर परत गेली, तेव्हा चिऊला मागच्या गल्लीतल्या सांभाळणाऱ्या मावशींकडे ठेवायचं ठरलं. लेकीनं आधी मला विचारलं होतं, "तिथं सात-आठ मुलं असतात, आई. आजारबिजार काही?"

मी म्हटलं, "माझा वॉर्ड आहे तो. बिनधास्त ठेव."

दोन महिन्यांपूर्वीची ही गोष्ट. मग मावशींकडच्या एका दोन वर्षांच्या पोराला गोवर निघाला आणि बाराव्या दिवशी चिऊ तापली. गोवरची लस नवव्या महिन्यात देतात, तिला ती मिळण्याचा प्रश्नच नव्हता. आजार छातीत उतरला. आता ती इस्पितळात आहे, नाकाला ऑक्सिजनची नळी.

त्या पोराचं नाव मी वहीत शोधलं. सापडलं. वर माझी रेघ, पट्टी लावून मारलेली.

संध्याकाळी सातला त्याच्या घरी गेले. दार उघडं. त्याची आई कामावरून येऊन तशीच भांडी घासत होती. पोरगं खाटेवर बसून खेळत होतं, अंगावरच्या चट्ट्यांचे काळपट डाग आता पुसट होत आले होते.

"तुम्ही घर सोडून गेला नव्हतात?"

"कुठं जाणार, सिस्टर? सहा वर्षं इथंच आहोत."

"मी तीनदा आले होते. कुलूप होतं."

"किती वाजता आलात?"

"अकराला."

"अकराला आम्ही दोघं कामावर, हा मावशींकडे," ती म्हणाली. चिडली नाही. "शेजारी विचारलं असतं तरी सांगितलं असतं कोणी."

उरलेली सोळा दारं पुढच्या दोन संध्याकाळी पालथी घातली. तेरा घरांत माणसं होती, मुलं होती. कामावर जाणाऱ्यांच्या दारात मी कामाच्या वेळीच जात राहिले आणि वर त्यांनाच घर सोडून गेलेलं ठरवलं. शेजारचं दार ठोठावायचाही कंटाळा केला. करावं तसं भरावं म्हणतात. इथं केलं मी आणि भरतेय चिऊ.

तिथून इस्पितळात गेले. लेकीला जरा पाठ टेकू दे म्हणून चिऊला मांडीवर घेतलं. लेक माझ्या खांद्याला टेकून डोळे मिटून बोलत होती.

"श्वास आज थोडा बरा आहे म्हणाले डॉक्टर." मग थांबून म्हणाली, "एवढ्या वॉर्डात एका पोराची लस राहिली, आणि ते नेमकं आपल्या चिऊच्या शेजारी."

मी गप्प बसले असते तर चाललं असतं. तिला कधीच कळलं नसतं.

"एकाची नाही," मी म्हटलं. "चौदा जणांची."

आणि सगळं सांगितलं. अकरा वाजता, तीन फेऱ्या, सतरा रेघा, पंच्याण्णव टक्के. तिनं खांद्यावरून डोकं उचललं. माझं बोलणं संपल्यावर दोन्ही हात पुढं केले.

"दे तिला."

"अगं, आत्ता कुठं झोपलीये. नळी हलेल."

"दे, आई."

मी दिली.