अजबखान्याची सफाई

जानकीबाईचं डोकं सकाळपासनं तापलेलं होतं. नवरा शहादेव जाऊन वरीस झालं होतं, आणि त्याच्याच घरातून तिला गोठ्यात काढून सहा महिने. शहादेवनं घराच्या भिंतींवर डोंगर, शेतं, सिंदफणा नदी रंगवलेली. ती चित्रं हैदराबादच्या कुण्या नवाबाला आवडली आणि हुकूम सुटला, या घराचा अजबखाना करा, जसंच्या तसं जपा.

"वैनी, तुमच्या चुलीच्या धुरानं चित्रं काळी पडतेत," अर्जुनराव पाटील म्हणालता. "आता सरकारी माल हाय त्यो."

"आन मी कुणाचा माल?"

 पाटलानं दाराला कुलूप ठोकलं.

आज बीडहून जिल्ह्याचा कारभार बघणारे तालुकदारसाहेब अजबखाना बघायला यायचे होते. साहेब यायचे म्हणलं की गावाची रीत एकच, दिसंल त्याला चुना. चावडीला चुना, पाराला चुना, रस्त्याच्या धोंड्यांना चुना. दोन दिवस आधीच पाटलानं म्हाळू चौकीदाराला फर्मावलं, "अजबखाना बी लख्ख कर बे!" म्हाळू हुकमाचा पक्का. आतून कडी लावून दोन दिवस इमानानं राबला.

साहेब आले, कुलूप निघालं. चारी भिंती पांढऱ्याफटक!

"तसविरी कुठं आहेत?" साहेबांनी विचारलं.

"हायेत ना हुजूर, चुन्याखाली," पाटील घाम पुसत म्हणाला आणि दारात उभ्या जानकीबाईकडं वळला. "वैनी, तुमाला समदं पाठ असंल. कुठं काय व्हतं सांगा, म्हाळू कोळशानं काढंल."

म्हाळूनं खरंच कोळसा उचलला.

जानकीबाई सगळ्यांना ढकलून आत घुसली. "हितं नदी व्हती. काठाला धुणं धुणारी नखाएवढी बाई व्हती. ती मी व्हते, पाटील! माझ्या धुरानं काळी पडत व्हती न्हवं? तुमच्या चुन्यानं गोरी झाली का?"

"वैनी, साहेबांम्होरं..."

"साहेबांम्होरंच बोलते! चित्रं जपायला मला भाईर काढलं. आता काय जपताव?" म्हाळूच्या कमरेची किल्ली तिनं हिसकली.

साहेब खाकरले. "बाई, हैदराबादचा हुकूम रद्द होईस्तोवर ही सरकारी इमारत आहे."

"मंग हैदराबादला कळवा चित्रं गेली म्हून. कुणी घालवली, कुणाच्या सरबराईपायी, तेबी कळवा."

साहेबांनी पाटलाकडं बघितलं, पाटलानं जमिनीकडं. कळवायची घाई दोघांनाही नव्हती.

"आन आधी पायातलं काढा," ती कडाडली. "माझं घर हाय हे."

साहेब बुटाच्या नाड्या सोडायला वाकले. पाटील मदतीला वाकला. दोन्ही डोकी खाडकन आपटली.

जानकीबाई हसली नाही. ती गोठ्यातली भांडी आणायला निघालीसुद्धा.