बोटावरचे अठ्ठ्याण्णव

देवाखालोखाल कमळाबाईचा विश्वास होता तो बोटाला लावायच्या ऑक्सिजनच्या मशीनवर. करोनात तिच्या नवऱ्याचा आकडा पंच्याऐंशीवर उतरलेला मशीनने दाखवला, त्याला वेळेत दवाखान्यात हलवलं, म्हणून तो वाचला. तेव्हापासून तारोडीच्या त्या घरात मशीनचा शब्द कुणी खाली पडू देत नसे.

त्यामुळे सून समिधा मासळीची पाटी घेऊन किनाऱ्यावरून येताना दोनदा टेकायला लागली, तेव्हा कमळाबाईने आधी तिच्या बोटाला मशीन लावलं. अठ्ठ्याण्णव!

"आई, मला खरंच दम लागतोय."

"अठ्ठ्याण्णव हाय. दम कसला? नाटकं हायत सगली."

बरं, एवढ्यावर थांबावं की नाही? किनाऱ्यावर बाया जमल्या की ती सुनेच्या धापा टाकण्याची नक्कल करून दाखवायची. बाया पोट धरून हसायच्या, समिधा मान खाली घालून पाटी उचलायची. बिचारीने चार महिने उचलली. मग एका सकाळी पाटीसकट वाळूत कोसळली.

दवाखान्यात रक्त तपासलं. "हिमोग्लोबिन सहा," डॉक्टर संचिता म्हणाल्या. "बारा तरी हवं."

"पन मशीनवर अठ्ठ्याण्णव येतंय!" कमळाबाई हटायला तयार नव्हती.

"मावशी, होडी किनाऱ्याला लागली की मासळी वर कशी आणता?"

"पाटीत भरून, डोक्यावर. आनि कशी?"

"फुफ्फुसातला ऑक्सिजन रक्तातल्या तांबड्या पेशी तशाच वाहून नेतात. मशीन फक्त पाट्या भरलेल्या आहेत का ते सांगतं. वाहणाऱ्या किती आहेत, ते नाही सांगत. हिच्या अंगात वाहणाऱ्याच निम्म्या आहेत."

निम्म्या बाया कामावर आल्या नाहीत की काय होतं, हे कमळाबाईला कुणी शिकवायला नको होतं. प्रत्येकीची पाटी काठोकाठ भरलेली, खेपांवर खेपा, धावून धावून जीव नकोसा होतो, आणि तरी मासळी बोटीतच पडून. सुनेचं काळीज चार महिने तसं धावत होतं, आणि आपण लोकांना हसवत होतो. तिला स्वतःची लाज वाटली.

दुसऱ्या सकाळी ती एकटीच किनाऱ्यावर गेली.

"काय गो, नाटकवाली आली न्हाय?" एकीने हसत विचारलं. बाकीच्या नक्कल बघायला तयारच होत्या.

कमळाबाईने पाटी खाली ठेवली. "नाटक नव्हतं. पोरीच्या अंगात रगत न्हाय. चुकी माजी हाय."

स्वतःची खेप वर पोचवून ती समिधाच्या वाटणीच्या खेपेसाठी परत आली. वर चढताना दोनदा टेकली. कुणी हसलं नाही.